गुठळी आहे, हे कशावरून?

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजली की घरचे म्हणतात, पाय लटकवून बसल्यामुळे असेल. डॉक्टरांना वेगळीच शंका येते: खोल शिरेत रक्ताची गुठळी. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते. पण शीर डोळ्यांना दिसत नाही. मग आहे-नाही ठरवायचे कशावरून? न दिसणारी गोष्ट खुणेवरून कशी ठरवायची, या प्रश्नावर नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, शतकानुशतके डोके झिजवले आहे.

बॉस्टनचे सर्जन जॉन होमन्स यांनी १९४०च्या दशकात एक खूण सांगितली: पाऊल वर वाकवले की पोटरीत कळ येते. ती नुसता स्नायू दुखावला तरी येते, आणि गुठळी असूनही पुष्कळदा येत नाही. गुठळी नसतानाही आढळणारी अशी खूण, म्हणजे असा हेतू, न्यायशास्त्र ‘सव्यभिचार’ म्हणून बाद करते.

रक्तात मोजल्या जाणाऱ्या डी-डायमरची गंमत निराळी. गुठळी विरघळताना सुटणारा हा प्रथिनाचा तुकडा गरोदरपणात, जंतुसंसर्गात, कर्करोगात, अगदी वय झाले तरी वाढतो. धूर दिसला म्हणजे आग आहे, या न्यायातल्या नेहमीच्या उदाहरणाप्रमाणे रिपोर्ट वाचणारा त्याला धूर समजतो आणि आग शोधू लागतो. खरे तर इथे डी-डायमर ही आग आणि गुठळी हा धूर! लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. आगच नसेल तर मात्र धूर कुठला? म्हणून ही चाचणी ‘नाही’ म्हणायला उपयोगी, तीही मुळात संशय कमी असेल तेव्हा. तो संशय मोजायची गुणपद्धत कॅनडाच्या फिलिप वेल्स यांनी १९९७मध्ये मांडली.

‘सोनोग्राफीत दिसली’ हेही पूर्ण खरे नाही. जांघेत आणि गुडघ्यामागे प्रोब दाबला की निरोगी शीर चपटी होऊन पडद्यावरून नाहीशी होते. शेजारची धमनी गोल राहून उडत असते. ताजी गुठळी अनेकदा रक्तासारखीच काळी दिसते. दिसते ते शिरेचे न दबणे. प्रत्यक्षाच्या वेषातले हे अनुमानच.

व्हेनोग्राफी वर्षानुवर्षे अंतिम कसोटी मानली गेली. पावलाच्या शिरेत एक्स-रेत दिसणारे औषध टोचून एक्स-रे काढायचा. तिथेही दिसते ती औषध न भरलेली जागा. मीमांसक कुमारिलभट्टांचे अनुयायी याला अनुपलब्धी, म्हणजे न दिसण्यातून मिळणारे ज्ञान, म्हणतील.

ज्ञान खरे की खोटे, हे त्यावर विसंबून केलेली कृती फळली का यावरून कळते, असे नैयायिक मानतात: पाणी समजून गेलेल्याची तहान भागली पाहिजे. आजचे संशोधकही तेच करतात. चाचणी ‘नाही’ म्हणाली की रक्त पातळ करणारे औषध न देता रुग्णावर तीन महिने लक्ष ठेवतात; तेवढ्यात गुठळी निघाली नाही, तर ते ‘नाही’ खरे.

पोटरीतली छोटी गुठळी सोनोग्राफीत निसटू शकते. डॉक्टरांनी आठवड्याने पुन्हा बोलावले असेल, तर पहिला रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून ती तारीख चुकवू नये.