धाग्याच्या गावात लोकरीचं दुकान

सिल्वासा आणि सुरंगीचा हा पट्टा पॉलिएस्टर धाग्यासाठी देशभर ओळखला जातो. मग इथल्या विणणारीला लोकरीसाठी दुकान कशाला शोधावं लागतं? कारण कारखान्यातला धागा तिच्या सुयांसाठी नसतोच. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर, धाग्याच्या जाडीचं माप. 150 डेनिअरचा 100 ग्रॅम धागा 6000 मीटर भरतो. स्वेटरची मध्यम जाडीची लोकर तेवढ्याच वजनात जेमतेम दोनअडीचशे मीटर. एक यंत्रमागाचा, दुसरी बोटांची. तिला लागते ती लोकर बहुधा लुधियानाकडून येते आणि बाजारातल्या छोट्या दुकानात, बटणं-लेसांच्या शेजारी, मिळते.

ऑनलाइन स्वस्त मिळतं, रंगही ढीगभर, हे खरंच आहे. खेड्यातल्या विणणारीला तर तो मोठाच आधार. पण पडद्यावर लोकर टोचते की नाही, ते कळत नाही. बाळाच्या टोपड्याला तेच आधी बघायचं असतं. शिवाय रंगाचा लॉट. एकाच क्रमांकाच्या दोन गुंड्या वेगळ्या घाण्यातल्या असल्या, की पाठ एका छटेची आणि बाही दुसरीची. पट्टीवरचा लॉट नंबर जुळवून देणारा, उरलेली गुंडी परत घेणारा दुकानदार दोन पैसे जास्त घेतो, ते त्या नजरेचे. अर्थात, केवळ जवळचा म्हणून जुनाट माल गळ्यात मारणाऱ्याकडे जाण्याची सक्ती कुणावरच नाही. मात्र दुकानात बोटांनी लोकर चाचपायची आणि मागवायची मोबाइलवरून, हा व्यवहार काही सरळ नव्हे.