हाताची चव

पाश्चात्त्य देशांत स्वतःला ‘किचन विच’ म्हणवणाऱ्यांचा एक पंथ आहे. नवशिक्याचा पहिला धडा पातेल्याशीच सुरू होतो. सूप घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ढवळायचं आणि मनात कुणाचं तरी भलं धरायचं. काही घालवायचं असेल तर पळी उलटी फिरवायची. ना कवटी, ना मसण. वाचून हसू आलं. मग आठवलं, ‘तिच्या हाताला चव आहे’ असं आपणही म्हणतोच की! मसाला तोच, शेगडी तीच. तरी उरलेलं काहीतरी हातातून उतरतं, अशीच आपली समजूत.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी मुलाला, श्वेतकेतूला, १५ दिवस नुसत्या पाण्यावर ठेवतो. मुलाला वेद आठवेनासे होतात. जेवल्यावर पुन्हा आठवतात. अन्नाच्या सूक्ष्म अंशातून मन घडतं, हे बाप त्याला असं पटवतो. इथली वाट अन्नाकडून मनाकडे जाते. उलटी वाटही आपल्याकडे रुळली आणि तिनं फार नासधूस केली. रांधणाऱ्याचं मन अन्नात उतरतं म्हटलं की त्याची जातही उतरते, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत टिळक होते, रानडे होते. त्या कपभर चहाचं प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली.

त्याच वर्षी लंडनमध्ये मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझरचा ‘द गोल्डन बाउ’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढच्या आवृत्त्यांत त्यानं जादूमागची दोन सूत्रं मांडली: सारख्यातून सारखं निपजतं, आणि एकदा स्पर्श झालेल्या वस्तू दुरावल्या तरी एकमेकींवर परिणाम करत राहतात. फ्रेझरच्या लेखी ही निव्वळ चूक. पुण्यातल्या चहाला मात्र दुसरं सूत्र तंतोतंत लागू होतं.

फ्रेझरनं चूक ठरवलेलं पुढं लोकांनी हौसेनं उचललं. ब्रिटनमधला चेटूकविषयक जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनरचं आधुनिक चेटूकपंथावरचं पुस्तक आलं आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या स्कॉट कनिंगहॅमनं ‘द मॅजिक इन फूड’ लिहून हा पसारा थेट ओट्यावर आणून ठेवला. या जादूवर माझा विश्वास नाही. पण पळी कुणी धरायची याला तिथं अट नाही, एवढ्यासाठी ती मला आपल्या सोवळ्याहून बरी वाटते.

२०१२ मध्ये मानसशास्त्रज्ञ कर्ट ग्रे यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना गोळ्या-चॉकलेटं दिली होती. काहींसोबत ‘खास तुमच्यासाठी निवडलं’ अशा अर्थाची चिठ्ठी, तर काहींसोबत ‘हाताला लागलं ते उचललं’ अशा अर्थाची. आपुलकीची चिठ्ठी मिळालेल्यांना खाऊ अधिक गोड लागला. म्हणजे देणाऱ्याचा भाव खाणाऱ्याला कळावा लागतो. आपल्याकडे चिठ्ठ्या कोण लिहितंय. ‘तुला आवडते म्हणून केली’ असं वाढताना पुटपुटतो, तीच आपली चिठ्ठी.

परवा मी आमटी ढवळून पाहिली, काट्याच्या दिशेनं, लेकीच्या परीक्षेचं चिंतत. मीठ दोनदा पडलं. पहिल्याच घासाला ती म्हणाली, “आई, लक्ष कुठं होतं गं तुझं?”