मासा देव असो वा नसो

गुजरातमधल्या वेरावळ-मांगरोळच्या मच्छीमारांच्या बोलीत त्याचं नाव होतं ‘बॅरल’. मोठ्या गळाला रिकामी पिंपं बांधायची, मासा त्यांना ओढत ओढत दमला की मारायचा, म्हणून बॅरल. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. बसएवढा लांब, पण तोंड उघडून प्लवक गाळत फिरणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला चोपडलं जाई आणि मांस परदेशी रवाना होई. माइक पांडे यांनी ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटात ही कत्तल दाखवली आणि २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या माशाचं नाव चढलं.

कायदा झाला, पण भर समुद्रात तो पाळतंय कोण हे बघणार कोण? २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचं वनखातं आणि टाटा केमिकल्स यांच्या मोहिमेत रामकथाकार मोरारी बापू उतरले. त्यांनी मच्छीमारांना कलमं सांगितली नाहीत. हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, असं ते म्हणाले. बॅरलची ‘व्हाली’ झाली, म्हणजे लाडकी. जीवशास्त्राच्या परीक्षेत हे बाळंतपण कितपत टिकेल हा प्रश्न वेगळा. किनाऱ्यावर मात्र ते टिकलं. ज्यांनी हा मासा मारला होता तेच आपली महागडी जाळी कापून त्याला सोडू लागले, आणि असे मासे शेकड्यांनी सुटले.

संवर्धनाच्या परिषदांतून ही गोष्ट आता कौतुकाने सांगितली जाते. तिच्या पोटातला अवघड प्रश्न सहसा कुणी काढत नाही. लेक वाचली, पण त्याच जाळ्यात तिच्याशेजारी तडफडणाऱ्या मुशीचं, म्हणजे लहान शार्कचं, काय? ती कुणाची कोण? २००१ च्या जुलैमध्ये सरकारने सगळेच शार्क आणि पाकट पहिल्या अनुसूचीत टाकून पाहिले होते. मच्छीमारांचा विरोध झाला आणि डिसेंबरपर्यंत यादी दहा जातींवर आली. पोटापाण्याचा विचार करता तो विरोध समजण्यासारखा होता. पण नात्यामुळे किंवा देवत्वामुळे जीव वाचवायचे म्हटलं, तर नाती आणि अवतार पुरणार किती?

शिवाय श्रद्धा दरवेळी वाचवतेच असंही नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं आणि त्याला नमस्कार करूनच माणूस पुढे जातो. त्याच महाराष्ट्राच्या कोकणात ऑलिव्ह रिडले कासविणीने रात्री वाळूत घातलेली अंडी सकाळपर्यंत उकरून खाल्ली किंवा विकली जात. कूर्मावतार देवळात, अंडी टोपलीत, आणि या दोहोंत विसंगती आहे असं कुणाला वाटत नव्हतं. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने वेळासच्या किनाऱ्यावर घरट्यांची राखण सुरू केली. हळूहळू गाव सामील झालं, कासव महोत्सव भरू लागला, घराघरांत पाहुणे उतरू लागले. पुराण तेच होतं. बदलली ती गावाची सवय, आणि बरोबरीने गावाची कमाई.

पुराणाकडे वळायचंच तर मनूच्या माशाची गोष्ट अधिक कामाची आहे. शतपथ ब्राह्मणात हात धुण्याच्या पाण्यात मनूला एक इवलासा मासा सापडतो. मला सांभाळ, मोठे मासे आम्हा लहानांना गिळतात, असं तो म्हणतो. मनू त्याला आधी भांड्यात ठेवतो, मग खड्ड्यात, आणि शेवटी समुद्रात नेऊन सोडतो. महाभारतात हा मासा आपण ब्रह्मा असल्याचं सांगतो आणि पुराणांत तो विष्णू होतो. पण या जुन्या कथेत तो कुठल्याच देवाचं नाव घेत नाही. पुढे प्रलयात तो मनूची नाव ओढतो हे खरं, आणि तसं वचनही त्याने आधीच दिलेलं असतं. म्हणजे सौदा आहेच. तरी ओंजळीत मावणाऱ्या जिवाच्या शब्दावर विसंबून मनू त्याला वाढवतो, त्याची पूजा मांडत नाही.

मनूच्याच नावावर असलेल्या स्मृतीत हिंसेचा एक हिशेब आहे. महाडला १९२७ मध्ये जिचं दहन झालं, त्या स्मृतीकडून नीती शिकायला कुणी जाऊ नये; पण हा हिशेब चोख आहे. संमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा असे आठही जण तिथे घातक ठरतात. उलट बाजूने बौद्ध विनयाने भिक्षूला मुभा दिली: जो प्राणी आपल्यासाठी मारल्याचं पाहिलं नाही, ऐकलं नाही आणि तशी शंकाही नाही, त्याचं मांस भिक्षेत आलं तर चालेल. भिक्षेच्या झोळीपुरता हा नियम शहाणपणाचा होता. मासळी बाजारात तो लावला की सगळेच सुटतात, कारण पाट्यावरची कुठलीच सुरमई अमक्या गिऱ्हाइकासाठी म्हणून मारलेली नसते. ती मारली जाते गिऱ्हाईक येणार या खात्रीवर. आज ती खपली तर उद्या पुन्हा येते. बाजारातली मागणी म्हणजे आगाऊ दिलेली संमती, आणि इथे आठांची यादी भिक्षूच्या नियमापेक्षा खरी वाटते.

मोरीचंच, म्हणजे मुशीचंच, घ्या. मालवणी घरात मोरीचं मटण हा कौतुकाचा बेत, आणि बाळंतिणीला दूध यावं म्हणून लहान मुशी करून घालायची रीत जुनी आहे. इंग्रजीत एका शार्कला ‘मिल्क शार्क’ हे नाव पडलं ते याच भारतीय समजुतीवरून. अडचण शार्कच्या स्वभावात आहे. बांगडा लाखांनी अंडी सोडतो. शार्क उशिरा वयात येतात आणि बहुतेक जातींत एका वेळी मोजकीच पिल्लं होतात. त्यात हॉटेलांना हवा असतो कोवळा, लहान मासा. २०१३ मध्ये नुसते पर कापून धड समुद्रात फेकण्यावर भारतात बंदी आली आणि २०१५ मध्ये परांची निर्यातही थांबली. तेव्हापासून शार्क म्हटलं की चिनी मेजवानीतल्या सुपाला बोल लावणं सोपं झालं. आपल्या ताटातली मोरी त्या हिशेबात येत नाही.

पापलेटची कथा आणखी मजेशीर. २०२३ मध्ये महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी, याहून लहान पकडू नये अशी मापंही ठरवून दिली. तरी तळहाताएवढे पापलेट बाजारात वाट्यावर मिळतात, कारण मोठा परवडत नाही आणि छोटा तव्यावर छान बसतो. एकदाही अंडी न घातलेला मासा खाणं हा शाकाहार-मांसाहाराचा वाद नव्हे. मासे खाणाऱ्यांनाच तो प्रश्न पडायला हवा, कारण पुढच्या वर्षीचं ताट त्यांचंच आहे.

या बाबतीत श्रावण फार हुशार होता, भले अजाणता. पावसाळा हा अनेक माशांच्या विणीचा काळ, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करेपर्यंत कोळी होड्या लोटत नसत. आता १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी बंदी असते. पण बंदीच्या काळातही शहरातली ताटं भरलेलीच राहतात. पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला उठते, तिकडचा मासा बर्फातून इकडे येतो, शीतगृहातला माल बाहेर निघतो. बंदी होडीवर आली, जिभेवर आली नाही. जुन्या पथ्यात पुण्याचा हिशेब असेल, पण थांबायचं खाणाऱ्यालाही होतं.

आणि मासे नुसते पाहायला पाण्यात उतरणारा डायव्हर आठांच्या त्या यादीत कुठे बसतो? तो काही मारत नाही, विकत नाही, खात नाही. पतंजलीने हिंसेचे तीन प्रकार सांगितले, स्वतः केलेली, करवलेली आणि अनुमोदलेली. तिच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह. डायव्हरच्या ठायी क्रोध नाही, लोभही नसेल, पण मोह असतो, आणि तो बहुधा कॅमेऱ्याच्या रूपात. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. तिथल्या प्रवाळांवर पर्यटकाचा पाय टेकतो, फोटोत मासे यावेत म्हणून पाव-बिस्किटांचा चुरा सोडला जातो, नांगर पडतो तो प्रवाळावर. वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढणारं प्रवाळ एका लाथेत मोडतं. त्याचा तुकडा घरी नेला तर तो गुन्हाच, कारण तेही पहिल्या अनुसूचीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या साथीने २००४ पासून चाललेली ‘ग्रीन फिन्स’ आचारसंहिता वाचली तर एखाद्या व्रताचे नियम वाटावेत: शिवू नका, भरवू नका, पाठलाग करू नका, काही उचलू नका. पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून प्रवाळाला घातक ठरलेल्या रसायनांच्या सनस्क्रीनवर बंदी घातली. डायव्हिंग शिकवणाऱ्याला सुरुवातीलाच दोन प्रश्न विचारता येतात: नांगर कुठे टाकणार, आणि माशांना खायला घालता का? गिऱ्हाईक असं विचारू लागलं की धंद्याची रीत बदलते.

इंडोनेशियाने २०१४ मध्ये आपल्या पाण्यातल्या सगळ्या मँटा पाकटांना संरक्षण दिलं तेव्हा एक आकडा फार फिरला: जिवंत मँटा आयुष्यभरात पर्यटनातून सुमारे दहा लाख डॉलर मिळवून देते. मोरारी बापूंनी माशाला लेक केलं, अर्थशास्त्रज्ञांनी कमावती केलं. मासे दोन्हीकडे वाचले, त्यामुळे नाक मुरडण्याचं कारण नाही. पण ज्या माशाला पाहायला कुणी तिकीट काढत नाही, तो मुशीच्याच रांगेत उभा राहतो.

तिकिटाशिवायच्या माशाची किंमत सध्या भरतो तो होडीवरचा माणूस. महाराष्ट्रात २०१८ पासून कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क अशा संरक्षित जिवांना सोडण्यासाठी जाळं कापलं तर सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. बुडालेल्या दिवसाची कमाई त्यात मोजलेली नसते. मोठा पापलेट पंधरवड्यातून एकदाच आणायचा आणि एरवी हंगामातला बांगडा खायचा असं एखाद्या घराने ठरवलं, तर त्यांची पापलेटची हौस थोडी कमी भागेल आणि कोळणीशी घासाघीस करायचा हक्कही थोडा कमी होईल. आठांच्या यादीतल्या खाणाऱ्याने आपला वाटा उचलायचा तो इतकाच आहे, आणि त्यासाठी बांगड्याला कुठला अवतार घ्यावा लागत नाही.