कर्ता अज्ञात

वाफेवर चालणारे एखादे जुने लघु इंजिन विक्रीस येते. तांब्याचा बाष्पक, पितळी घुमट, साडेतीन इंची रुळांवर बसणारी चाके. कर्त्याचे नाव मात्र कोठेही नाही. त्याचे मोल कसे ठरवावे? हा प्रश्न बाजाराइतकाच नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते.

काही साक्ष वस्तूच देते. स्क्रूचे आटे ब्रिटिश मापाचे की मेट्रिक, यावरून देशाचा अदमास बांधता येतो. बाष्पकाची परीक्षा आधी पाण्याने, नित्याच्या दाबाच्या दुप्पट दाबाने करतात. पाणी फारसे दबत नसल्याने बाष्पक फाटला तरी स्फोट होत नाही. ही परीक्षा कुळ विचारीत नाही.

मोह सुरू होतो तो नावाचा. प्रतिष्ठित नाव जोडले की किंमत चढते. परंतु नाव असूनही कर्ता कळतोच असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्यात घडलेली इंजिने इंग्लंडमध्ये नॉर्दॅम्प्टनचे बॅसेट-लोक विकत असत. पुढे 1920 च्या दशकापासून ‘मॉडेल इंजिनिअर’ या नियतकालिकात ‘एलबीएससी’ या आद्याक्षरांनी लिहिणाऱ्या लेखकाचे आराखडे येऊ लागले. त्यांवरून असंख्य हौशी मंडळींनी घरच्या लेथवर इंजिने घडविली. आराखडा एकाचा, ओतीव भाग दुसऱ्याचे, हात तिसऱ्याचे!

म्हणून केवळ तर्काने थोर नाव चिकटविणे ही ग्राहकाची फसवणूक तर आहेच. शिवाय एका अज्ञात माणसाचे श्रम दुसऱ्याच्या खाती जमा करणेही आहे. चकाकीसाठी मूळ रंग खरवडणे हाही त्याच जातीचा अपराध, कारण त्यात त्याची उरलीसुरली खूण पुसली जाते.

कोणी म्हणेल, गेलेल्याला त्याचे काय? पण आपल्याच घरांतील जुनी भांडी पाहावीत. त्यांवर देणाऱ्याचे नाव असते, घडविणाऱ्या तांबटाचे नसते. कुलवृत्तांत जपणाऱ्या आम्हां मंडळींना हे सहसा खटकतही नाही. तांबटाचे नाव आता सापडणार नाही. परंतु ती जागा रिकामी आहे, एवढे तरी आम्ही ध्यानात ठेवू शकतो.

मूल्यांकनाच्या कागदावर कारागिरीचे गुण सविस्तर नोंदवावेत आणि नावापुढे ‘कर्ता अज्ञात’ असे स्वच्छ लिहावे. त्याने चार पैसे कमी येतील. तेवढे सोसण्याची आपली तयारी आहे काय, हाच खरा प्रश्न.