कुठलं बोट?

दापोडीहून चाकणला जाणारी कंपनीची बस मी नाशिक फाट्यावर पकडतो. खिडकीची जागा मिळाली तर मांडीवर लॅपटॉप उघडून स्लाइड नीट करत बसतो. माझी नोकरी क्वालिटीतली, पण सेफ्टीचा रिव्ह्यूही माझ्याच गळ्यात, कारण 'याचे पीपीटी भारी असतात'.

मला ते काम आवडतं, हे आधीच कबूल करतो. एका स्लाइडवर एकच मुद्दा. मथळ्यात नुसतं 'सेफ्टी डेटा' न लिहिता त्यातून काय निघतं ते पूर्ण वाक्यात लिहायचं. अक्षरं मागच्या खुर्चीवरून वाचता आली पाहिजेत. रंग दोन, फार तर तीन. बार चार्ट शून्यापासूनच सुरू करायचा, नाहीतर ९४ आणि ९६ मधला फरक डोंगराएवढा दिसतो. हे सगळं मी पाळतो. खोटा आकडा आजवर एकदाही टाकलेला नाही.

सहामाही रिव्ह्यूची ती स्लाइडही अशीच होती. आधीच्या सहामाहीत ४ अपघात, या सहामाहीत १. टार्गेट होतं २, म्हणून बार हिरवा. वर मथळा : 'अपघातांत ७५ टक्के घट'. प्लँट हेड म्हणाले, "अशी पाहिजे स्लाइड!" टाळ्या झाल्या.

रात्री जेवताना अण्णांना दाखवली, कौतुक करून घ्यायला. अण्णा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेत. उभं आयुष्य पत्र्यात गेलं. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिलं.

"हा एक म्हणजे काय झालं?"

"प्रेसवर एका पोराच्या बोटाचं पेर गेलं. कॉन्ट्रॅक्टचा होता."

"कुठलं बोट?"

मला माहीत नव्हतं.

कायद्यानुसार, जखमेमुळे माणूस ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही तर तो अपघात सरकारला कळवावा लागतो. आम्ही कळवला होता. लपवलं काहीच नव्हतं. तरी तो घास काही नीट उतरला नाही.

पहिलं उत्तर सोपं होतं : दोष देखणेपणाचा. सजवलं की सत्य पातळ होतं, तेव्हा पुढच्या वेळी साधा काळा-पांढरा तक्ता टाकू. दोन दिवस मी यावर खूश होतो. मग कोलंबियाची स्लाइड आठवली.

१६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान उडालं, तेव्हा इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. कल्पना चावला त्याच यानात होत्या. यान वर असतानाच इंजिनिअरांनी नासातल्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड मांडल्या. त्यातली एक पुढे एडवर्ड टफ्टी यांनी ओळ न् ओळ सोलून दाखवली. मथळा धीर देणारा. खाली मुद्दे, मुद्द्यांत उपमुद्दे, त्यांतही आणखी उपमुद्दे. आणि अगदी तळाशी, बारक्या अक्षरांत : आदळलेला तुकडा १९२० घनइंचांचा, आणि ज्या चाचण्यांच्या जोरावर धीर दिला जात होता त्यांतला ३ घनइंचांचा. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला परतताना यान फुटलं, सातही जण गेले. तांत्रिक कागदाऐवजी पॉवरपॉइंटवर विसंबण्याच्या सवयीवर चौकशी मंडळानं अहवालात ताशेरे ओढले.

ती स्लाइड देखणी अजिबात नव्हती. खच्चून भरलेली, रटाळ. आणि तिच्यातही ते आकडे होते, खरे होते. कुणी तो ६४० भिंतीएवढा केला असता तर पुढे काय झालं असतं ते सांगता येत नाही, पण खोलीतल्या कुणाला तो न पाहिल्यासारखा करता आला नसता. म्हणजे तिथं डिझाइन जास्त झालं नव्हतं, कमी पडलं होतं.

मग माझं काय चुकलं? मी जे मोठं केलं ते. एक गोष्ट मोठी करताना दुसरी लहान करावीच लागते, त्याला इलाज नाही. सगळं टाकलं तर कोलंबियाची स्लाइड होते. पण काय लहान करायचं ते मी ठरवतो, आणि ज्याला लहान केलं तो खोलीत नसतो. मी एका बोटाचा '१' केला आणि त्या १ ला हिरवा रंग दिला. तो पोरगा मागच्या खुर्चीवर बसलेला असता तर माझा हात हिरव्यावर गेला असता का? अक्षरं मागच्या खुर्चीवरून दिसावीत एवढी काळजी मी घेतो, तिथं बसतं कोण याची घेतली नव्हती.

कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून कथा गाऊन सांगतात. चित्राशेजारी माणूस असतो, त्याला थांबवून विचारता येतं. माझी स्लाइड मीटिंग संपली की मेलनं एकटीच हेड ऑफिसला जाते. तिला 'कुठलं बोट' विचारणार कोण?

शेवटी मीच लाइनवर गेलो. जुना प्रेस. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच खाली येणारा, म्हणजे हात आत राहायला नको. तासाचं टार्गेट गाठायला एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवलेलं होतं. तिन्ही शिफ्टना माहीत होतं.

नवी स्लाइड केली. बटणाचा फोटो, आणि मथळा : 'सुरक्षेचं बटण बांधून प्रेस चालू होता'. माझ्या मते आजवरची माझी सगळ्यात चांगली स्लाइड. साहेबांनी ती बराच वेळ पाहिली. "बरोबर आहे रे तुझं. पण हेच पीपीटी कस्टमरला जातं. बॅकअपमध्ये टाक." टाकली. सतरावी आहे. पट्टी निघाली, तासाचं टार्गेट तेवढंच आहे.

त्या रात्री अण्णांना सांगितलं, "डाव्या हाताचं. मधलं."

"मग डावं बटण बांधलेलं असणार," ते म्हणाले आणि भाकरी मोडली. पट्टीचं मी त्यांना अजून सांगितलंच नव्हतं.