सोपवलेले गुपित



नीतिशास्त्रात गुपितांचे तीन प्रकार सांगितले जातात. उघड केल्यास दुसऱ्याचे नुकसान होईल म्हणून पाळायचे, ते पहिले. वचन दिले म्हणून पाळायचे, ते दुसरे. आणि विश्वासाने आपल्या हाती सोपवलेले, ते तिसरे. या तिसऱ्याचे बंधन सर्वांत कडक असते, कारण ते आपल्या मालकीचे नसतेच. आपण फक्त त्याचे राखणदार असतो.

अमेरिकेतील डॉ. सिडनी गिलमन हे मिशिगन विद्यापीठातील नामवंत मेंदूविकारतज्ज्ञ होते. एलान आणि वायेथ या कंपन्या अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारावरील नव्या औषधाची रुग्णांवर चाचणी घेत होत्या. त्या रुग्णांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचे डॉक्टर अध्यक्ष होते. त्याच काळात तासाला सुमारे १,००० डॉलर घेऊन ते शेअर बाजारातील लोकांना सल्लाही देत. त्यांपैकीच एक होता एसएसी कॅपिटलचा मॅथ्यू मार्टोमा. जुलै २००८ मध्ये चाचणीचे निष्कर्ष जाहीर होण्यापूर्वीच डॉक्टरांनी ते त्याला सांगितले. त्याच्या कंपनीने झटपट शेअर विकले. २९ जुलैला निराशाजनक निष्कर्ष जाहीर झाले आणि एलानचा शेअर ४० टक्क्यांहून अधिक कोसळला. एसएसीचा फायदा सुमारे २७ कोटी डॉलरचा होता. २०१४ मध्ये मार्टोमाला नऊ वर्षांची शिक्षा झाली. डॉक्टरांनी सरकारतर्फे साक्ष दिली, म्हणून त्यांच्यावर खटला झाला नाही. पण आयुष्यभर कमावलेले नाव गेले.

डॉक्टर मुळातच लोभी होते, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण न्यायालयात त्यांनी सांगितले, की या हुशार, जिज्ञासू तरुणात त्यांना आपला दिवंगत थोरला मुलगा दिसत असे. म्हणजे पैशाने दार उघडले आणि मायेने गुपित बाहेर काढले. आपल्याला अस्वस्थ करावे असे यात हेच आहे. लाच ओळखता येते. आपुलकीने विचारलेला प्रश्न ओळखता येत नाही.

आजार कसा वाढतो, चाचणी कशी घेतात, हे कुणालाही समजावून सांगण्यात गैर नाही. ते ज्ञान डॉक्टरांनी स्वतः कष्टाने मिळवले होते. चाचणीचे निष्कर्ष मात्र त्यांचे नव्हते. 'आपल्याला नाही, तर पुढच्यांना तरी उपयोग होईल' या आशेने ज्या रुग्णांनी आपला देह पुढे केला, त्यांचा तो विश्वास होता. आणि ज्यांनी काही न कळता ते शेअर विकत घेतले, त्यांचेही त्यात नुकसान झाले.

हितसंबंधांचा संघर्ष हे काही पाप नव्हे; ती एक निसरडी जागा आहे. तिथे उभा राहिलेला सज्जनही घसरू शकतो. 'मी प्रामाणिक आहे, मला काही होणार नाही' हा भरवसा तिथे कामाचा नाही. रुग्णांचा राखणदार व्हायचे असेल, तर गुंतवणूकदाराचा सल्लागार होऊ नये. दोन्ही खुर्च्यांवर बसून तोल सांभाळण्यापेक्षा एक खुर्ची आधीच नाकारणे सोपे असते.

आपली मुले-मुली आज रुग्णालयांत, प्रयोगशाळांत, बँकांत काम करतात. जेवताना, लग्नाच्या मांडवात कुणी सहज विचारते, 'आतली काही खबर?' तेव्हा आपण स्वतःला एवढेच विचारू या: हे माझे आहे, की मला सांभाळायला दिलेले आहे?