वगैरेत कोण कोण

"ज्याला पुढचं सुचत नाही तो वगैरे म्हणतो," असं मामा म्हणाले. मामा निवृत्त मास्तर. निबंधात वगैरे दिसला की खाली लाल रेघ. रोख अर्थातच 'कोसला'वर होता. नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली आली आणि पोरांची भाषा बिघडली, हे त्यांचं जुनं दुखणं. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर स्वतःचं वय सांगतानाही 'उदाहरणार्थ' घालतो आणि कशाच्याही मागे 'वगैरे' लावतो, हे वाचकाला मी सांगायला नको.

पण न सुचणं वेगळं, न सांगणं वेगळं. फळ्यावर 'बहमनी, आदिलशाही वगैरे' लिहिणारे मास्तर उरलेलं मुलांना येतं असं धरून चालतात. हा सोयीचा वगैरे झाला. पांडुरंगाचा तसा नाही. चारच वर्षं आधी, १९५९ साली, खांडेकरांची 'ययाति' आली होती. तिच्यातल्या वजनदार वाक्यांशेजारी हा ठेवून पाहावा. भारदस्त शब्दामागे वगैरे आला की शब्दाची इस्त्रीच मोडते. मामांना नेमकी इस्त्री हवी असते, त्याला मी काय करणार?

शब्द मूळचा अरबी, फारसीतून आलेला. फारसी आम्हाला लांबची नव्हे: १३४७ साली बहमनींची राजधानी झालेली कलबुर्गी आमच्या करजगी गावाच्या जिल्ह्याचंच ठिकाण. पुढे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी वगैरे मराठीत राहिलाच. आमच्याकडे कन्नड बोलणाराही वगैरेच म्हणतो. तिकडे सर्व्हांतेसनं १६०५ साली आपल्या 'दोन किहोते'चं पितृत्व सिदी हामेते या काल्पनिक अरब इतिहासकारावर ढकललं होतं. आडोशाला अरबी बरी पडत असावी.

आडोसा म्हटल्यावर मात्र जुने कागद आठवतात. १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाचा, कारभार उर्दूत. मामांच्या घरच्या एका कागदावर थोरल्या भावाचं नाव आहे आणि पुढे वगैरे. त्यात धाकटे भाऊ आले, विधवा भावजय आली. लग्न होऊन गेलेल्या बहिणी त्यात तरी होत्या का, कोण जाणे. लिहिणाऱ्याला पुढचं सुचत नव्हतं थोडंच! मामांना विचारलं, तर एका आत्याचं नाव त्यांनी सांगितलं. दुसरीला म्हणे सगळे ताईच म्हणायचे.

म्हणजे हाही न सांगण्याचाच वगैरे, आणि मी तर त्याचंच कौतुक करत होतो. मग पांडुरंगाला सूट का द्यावी? लेखणी त्याच्याही हातात आहे. कुणाला नावानिशी आणायचं आणि कुणाला शेपटात ढकलायचं, हे तोही ठरवतोच. मामांची लाल रेघ राहू द्यावी, त्यांचं कारण तेवढं बदलावं. वगैरे लिहिणाऱ्याकडे उरलेली नावं मागावीत. पांडुरंगाकडे मागितली तर निदान धाकट्या बहिणीपुरता तो उभा राहतो. मनी देवीनं जाते तेव्हा तिला कशाच्याही मागे जोडून मोकळं होणं त्याला जमत नाही. कागद लिहिणाऱ्याला तर कुणी विचारलंच नाही, आणि विचारायला जाणार कोण? थोरल्याचं नाव वर होतं, त्याची काही तक्रार नव्हती.